गफ्फार पेंटरनं ओळ खाल्ली नाही

चाचा, तुमच्या मय्यतीला तो आला होता.

डोक्याला पांढरा रुमाल बांधून, चपला बाहेर काढून, अगदी रीतसर. मी आत चाचीजवळ बायकांमध्ये बसले होते. पडद्याच्या फटीतून मला तो दिसला. तुम्हाला उचललं तेव्हा त्यानं खांदा दिला, चार पावलं. पाचव्या पावलाला बाजूला झाला आणि रुमालानं खांदा पुसला.

माती देऊन माणसं परत आली. मी गल्लीत निघाले, तर तो माझ्याच वाटेत उभा. म्हणाला, "मॅडम, मोठा कलाकार गेला. त्या वर्सी ओळ खाल्ली त्यानं, गंज नुकसान झालं लोकायचं. पण आपण तं कधीच माफ केलं त्याले."

माफ केलं. त्यानं. तुम्हाला.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जाऊ दे ना बेटा, मय्यतीत आलेला माणूस हाये." मी जाऊ देणार नाही. तुमचा जन्म कधीचा, तुमचे वडील काय करायचे, हे लिहायला तुमच्या मोहल्ल्यात माणसं आहेत. मी लिहायला बसले आहे ती या एका शब्दामुळे. हा माणूस म्हणजे बियाण्याच्या कंपनीचा आमच्या भागातला एजंट. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते कुठे वाचायला मिळेल, ते शेवटी सांगते.

पहिल्यांदा तुमच्या दुकानात आले ती कॉलेजच्या गॅदरिंगचं बॅनर करून घ्यायला. मारेगावकडच्या खेड्यातून वणीला एस.टी.नं ये-जा करायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे मी तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असावं, कारण तेव्हापासून तुम्ही मला "बी.ए." म्हणूनच हाक मारलीत. "काय व बी.ए., बॅनर मी कायले लिहू? तुले हात नाहीत का?" मी म्हटलं, हात आहेत, अक्षर नाही. तुम्ही जुन्या दाराचा एक पत्रा दिलात, ब्रश दिलात आणि सांगितलंत, काना काढ. फक्त काना. उभी रेघ, वरून खाली, एका दमात.

महिनाभर काना. मी रोज एस.टी.च्या आधी अर्धा तास यायचे, पत्राभर उभ्या रेघा ओढायचे, तुम्ही टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसायचात. गॅदरिंग होऊन गेलं. बॅनर कोणीतरी दुसऱ्यानं लिहिलं. मी काने काढतच होते. एक दिवस वैतागून म्हटलं, "चाचा, वेलांटी कधी येईन?" तुम्ही ट्रकच्या फाळक्यावर गुलाब काढत होतात. कोळशाच्या ट्रकवर तुमचा गुलाब असल्याशिवाय वणीतल्या मालकांना चैन पडायचं नाही. मान न वळवता म्हणालात, "काना नीट उभा राह्यला की वेलांटी त्याच्या खांद्यावर सोताच येऊन बसते. तू घाई करून राह्यली."

आणि तुमचं बोंड. पहाटे फजरची नमाज झाली की तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसायचात, वीतभर पत्र्यावर कापसाचं एक उमललेलं बोंड काढायला. रोज तेच. हंगामात कोणाच्या तरी बांधावरून पऱ्हाटीची फांदी आणायचात. हंगाम नसला की सुकलेली काडी समोर ठेवायचात. समोर काही नसताना तुम्ही बोंड काढल्याचं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरं अस्तर मारून पुन्हा नवं बोंड. कालचं बोंड आजच्या खाली जायचं. मी विचारलं होतं, "इतकं चांगलं निघते, तं पुसता काहून? विका ना." तुम्ही म्हणालात, "कालची नमाज आज चालते का, बी.ए.?"

मी हुशार होते, मला उत्तर न येणं आवडायचं नाही. संध्याकाळभर चिडून होते.

तुमची अजून एक पद्धत होती, आणि शेवटी मला तिचंच काम पडलं. गिऱ्हाइकानं मजकूर स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्यायचा आणि खाली सही करायची, त्याशिवाय तुम्ही ब्रश उचलायचा नाहीत. याचं कारण तुम्ही चारचौघांत हसत सांगायचात. एका टेलरनं 'लेडीज स्पेशालिस्ट' असा बोर्ड करून घेतला, त्याची बायको भडकली, तेव्हा तो सगळ्या बाजारात बोंबलत फिरला की पेंटरनं मनानं लिहिलं. तेव्हापासून चिठ्ठी. खरं कारण मला नंतर कळलं. तुम्ही उर्दू भराभर वाचायचात. मराठी अक्षर काढण्यात तुमचा हात धरणारा कोणी नव्हता, पण वाचायला तुम्हाला वेळ लागायचा. समोरच्या कागदावर जे असेल ते तुम्ही आकार म्हणून उतरवायचात, एक ठिपका कमी नाही, एक ठिपका जास्त नाही. काम झालं की चिठ्ठी तारेला टोचायची. ती तार तुमच्या खिळ्याला लटकलेली असायची, कागदांच्या माळेसारखी. तुम्ही ओळ खाल्ली म्हणणाऱ्यानं ती तार पाहिलेली नाही. किंवा पाहिलेली होती, आणि तरी म्हणाला.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात तो तुमच्या दुकानात आला. नवं बियाणं येणार होतं, गावोगावच्या भिंतींवर जाहिरात रंगवायची होती. मी पायरीवर बसले होते. त्यानं पाकिटातून एक छापील चित्र काढलं, झुडपाला बोंडंच बोंडं, पान दिसू नये इतकी. आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे मजकूर लिहून दिला. बियाण्याचं नाव. खाली, 'कोणत्याही जमिनीत भरघोस'. त्याच्या खाली, 'अळीची चिंता मिटली'. खाली सही, शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढून वर वळवलेलं.

चौतीस गावं. चौतीस भिंती. त्यातली एक आमची.

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत बाबांनी आनंदानं दिली. तुम्ही सायकलला बादल्या अडकवून आलात. निळीत भिजवलेली दोरी एका टोकाला मी धरली, तुम्ही दुसऱ्या टोकानं भिंतीवर फटका मारलात आणि सरळ निळी रेघ उमटली. मग चौकटी. मग मी चिठ्ठी हातात धरून वाचत गेले आणि तुम्ही काढत गेलात. चिठ्ठी माझ्या हातात होती, चाचा. तीन ओळी होत्या. चौथी ओळ नव्हती. हे जगात दोनच माणसांना डोळ्यांनी माहीत होतं, तुम्हाला आणि मला. तिसरा लिहिणारा.

आईनं चहा आणला. बाबा भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "बापा! एवढी बोंडं लागली तं वेचाले माणसं कुठून आणू?" तुम्ही हसला नाहीत. ब्रश धूत होतात. खाली कोपऱ्यात तुमचं नाव टाकलंत, 'गफ्फार पेंटर, वणी'. जाहिरात एजंटनं दिलेल्या स्वस्त डिस्टेंपरमध्ये होती, पण नाव तुम्ही नेहमी स्वतःच्या डब्यातल्या ऑइल पेंटनं लिहायचात. तेवढी तुमची चैन. ही चैन पुढे तुम्हाला किती महागात पडली, ते या भिंतीला विचारावं.

बियाणं पेरलं गेलं. आमची जमीन हलकी, मुरमाड, पाणी फक्त वरून पडेल तेवढं. पाऊस मध्ये महिनाभर गेला. त्या झाडाला ओलित, म्हणजे विहिरीचं पाणी, लागत होतं. दसऱ्यापर्यंत पऱ्हाटीवर लाल्या आला, पानं तांबडी होऊन गळाली, बोंडं सुपारीएवढी राहिली आणि तशीच कडक झाली. जी थोडी उमलली, त्यांच्यात अळी. बाबा शेतातून यायचे आणि भिंतीकडे न पाहता आत जायचे.

दिवाळीनंतर माणसांनी एजंटला ग्रामपंचायतीसमोर बोलावलं. मी गावातच होते, दारात उभी. तो आला, बसला, पाणी प्याला आणि शांतपणे म्हणाला, "मी तं लिहून देल्लं होतं, ओलिताच्या जमिनीसाठी म्हणून. सगळ्यात खालची ओळ होती. खालची ओळ बारीक राहते. पेंटरले कंटाळा आला असन, खाल्ली त्यानं. आता त्याले म्हणा भरून दे."

कोणीतरी म्हणालं, "चौतीसही गावात खाल्ली का?"

तो म्हणाला, "एकदा सवय लागली का खातेच माणूस."

लोक हसले. रागातही लोक हसले, कारण राग कुठेतरी ठेवायला जागा मिळाली होती. कंपनी लांब होती, तिचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. तुमचं नाव मात्र भिंतीवर होतं, गावासहित.

मी तिथे होते, चाचा.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: चिठ्ठी मी वाचली आहे, ओळ नव्हती. मग मी समोरची तोंडं पाहिली. पोट्टी रोज मुसलमानाच्या दुकानात जाऊन बसते, हे गावात आधीच चालू होतं. बाबांच्या कानावर ते घातलं गेलं होतं आणि बाबांनी ते माझ्यासाठी गिळलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, ती तं त्याच्याच बाजूनं बोलन. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. बाबांनी कॉलेज बंद केलं तर, असं वाटलं. हे सगळं मी दोन-तीन श्वासांत तोलून पाहिलं आणि गप्प राहिले. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि त्या दिवशी सगळ्या गावात माझ्याएवढं मुकं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वणीला आले तोवर बातमी तुमच्यापर्यंत पोचली होती. तुमचं बोंड काढून झालं होतं. मी म्हटलं, "चाचा, तार काढा. चिठ्ठी दाखवा सगळ्यायले."

तुम्ही म्हणालात, "चाय घेशीन?"

"चहा नको. चिठ्ठी द्या. मी नेते गावात."

"नेऊन काय करशीन?"

"तो खोटा पडन."

"पडू दे. पऱ्हाटी उभी होईन का?"

मी रडायला लागले, रागानं. तुम्ही पायरीवर जागा करून दिलीत आणि जे बोललात ते मला अजूनही पटलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "बेटा, मी तीस वर्सं रोज बोंड पाहून काढतो. त्याचं ते छापील चित्र हातात घेतलं अन् पाहिलं, हे झाड आपल्या इकडलं नाही. एका फांदीवर एवढी बोंडं आपल्या मातीत बसतच नाहीत. मले दिसलं होतं. तरी काढलं. एकदा नाही, चौतीस खेपा. जिंदगीत पहिल्यांदा न पाहिलेलं बोंड काढलं मी. कागद त्याचा, पण हात तं माहा हाये ना? वर विचारलं तं वर काय चिठ्ठी दाखवू?"

मी म्हटलं, "तुम्ही पेंटर आहात, शेतीखात्याचे साहेब नाही. झाड पारखायचं काम तुमचं नव्हतं."

तुम्ही म्हणालात, "रोज सकाळी मंग मी काय करून राह्यलो?"

इथेच आपला वाद थांबला. तो पुढे कधीच झाला नाही, कारण तुम्ही वाद घालणं सोडून चुना कालवायला घेतलात.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यानं मला सगळ्यात जास्त चीड आणली. रोज फजरनंतर बोंड, मग सायकल, मागे चुन्याची बादली, आणि एका गावी जाऊन एक भिंत पुसून यायची. तेहतीस दिवस. कोणी पाणी विचारलं नाही. एका गावात पोरांनी सायकलची हवा सोडली, तुम्ही आठ किलोमीटर सायकल ढकलत आलात, आणि मला सांगताना म्हणालात, "पोट्ट्यायचं काय, मीही सोडत होतो मास्तरच्या सायकलची." लोकांनी काय म्हटलं माहीत आहे? माझे बाबाच म्हणाले: "तो पुसून राह्यला ना, म्हणजे पाप हायेच त्याच्या मनात. नाहीतं कोण पुसते?" एजंटला आता काही बोलायची गरजच उरली नाही. त्याच्या खोट्याला तुम्ही आपल्या हातानं तेहतीस वेळा अस्तर मारलंत.

चौतिसावी भिंत आमची. तुम्ही बादली घेऊन दारात उभे राहिलात. बाबा बाजेवर बसले होते, उठले नाहीत. म्हणाले, "हात लावू नको. राहू दे. कोणी बुडवलं ते पाहू दे लोकायले."

तुम्ही म्हणालात, "भाऊ, मले पुसू द्या."

"मनलं ना, राहू दे."

मी दारामागे होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हाक मारली नाहीत, काही मागितलं नाहीत, सायकल वळवलीत. दुसऱ्यांदा गप्प बसले मी.

मग पावसाळे गेले. सात की आठ. डिस्टेंपर धुऊन गेलं. आधी बोंडं फिकी झाली, मग 'भरघोस' गेलं, मग 'अळीची चिंता'. खोटं तेवढं वाहून गेलं आणि ऑइल पेंट टिकला. आमच्या भिंतीवर शेवटी एवढंच उरलं: 'गफ्फार पेंटर, वणी'. सगळ्या वाटसरूंना दिसेल असं. नव्या पोरांना तर हेही माहीत नव्हतं की तुम्ही काय काढलं होतं. त्यांना एवढंच माहीत की याच पेंटरनं गाव बुडवलं.

खेड्यांतलं तुमचं काम तुटलं. पुढे फ्लेक्स आले आणि शहरातलंही कमी झालं. ट्रकचे नंबर आणि गुलाब राहिले. मी शाळेत लागले, लग्न केलं, मारेगावात घर केलं. वणीला आले की दुकानात यायचेच. तुम्ही माझ्या फळ्यावरच्या अक्षराची चौकशी करायचात, पोरांना आधी काना काढायला लावते का ते विचारायचात. त्या भिंतीबद्दल आपण कधी बोललो नाही. मी वाट पाहायचे की तुम्ही विचाराल, बेटा, तू तवा काहून नाही बोलली? तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटायचं तुमच्या लक्षात आलं नसावं. आज मला कळतं की इतका सावकाश वाचणारा माणूस काहीच सोडून वाचत नाही.

या सगळ्याच्या वर तो गल्लीत उभा राहून म्हणतो, माफ केलं.

आणि ऐका, पुढचं ऐका. माफ करून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, नवीन कृषी केंद्र टाकून राह्यलो. फ्लेक्स नाही पाहिजे, हाताचा बोर्ड पाहिजे, त्याच्यासारखं बोंड असलेला. तुमीच त्याच्या शिष्या ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमच्यासारखं थंड होता आलं. मी म्हटलं, "काढते. पण उस्तादांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मजकूर स्वतःच्या हातानं लिहून द्या. खाली सही."

"हो हो, माहीत हाये ना," तो म्हणाला आणि पेन काढलं. तुमच्याच घराच्या ओट्यावर, मय्यतीला आलेल्या माणसांसमोर, तुमच्या जावयाच्या पाठीवर कागद टेकवून त्यानं लिहिलं. दुकानाचं नाव. 'विश्वासाचं बियाणं'. प्रोप्रायटर, आणि नाव. खाली सही. शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढून वर वळवलेलं.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि परत चाचीकडे आत गेले. म्हटलं, "चाची, तार कुठे आहे?"

चाचीनं दुकानाची किल्ली दिली. म्हणाली, "वो तुझेच देने का बोलते थे. मैं बोली, मरने की बात मत करो. वो बोंडवाला पत्रा बी लेजा."

तार तिथेच होती, खिळ्याला. वरचे कागद ताजे, खालचे पिवळे, सगळ्यात आतले ठिसूळ. ती चिठ्ठी सापडायला तास लागला. तीन ओळी, चाचा. चौथी ओळ नाही. सही आहे, शेपूट आहे.

आणि पत्रा मी उचलायला गेले तर एका हातानं सहज उचलेना. वीतभर पत्रा, पण रंगावर रंग चढून बोटभर जाड झालेला. कडेनं पाहिलं तर पांढऱ्याचे थर दिसतात, मोजता येत नाहीत इतके, जुन्या वहीच्या पानांसारखे. तुमची सगळी बोंडं आत आहेत, एकाखाली एक. वरचा थर नुसता पांढरा. गेलात त्या दिवशी तुम्ही अस्तर मारलं होतं. बोंड राहून गेलं. शेजारी सुकलेली काडी होती.

पत्रा मी छातीशी धरून तिथेच बसले. रडले. तेवढं तुमच्यासाठी. बाकीचं त्याच्यासाठी राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी गेले. बाबा आता थकले आहेत, बाज तीच आहे. म्हटलं, "बाबा, भिंत पाहिजे."

"कायले?"

"जाहिरात रंगवायची आहे."

त्यांनी माझ्या हातातले डबे पाहिले. मग म्हणाले, "त्याचं नाव पुसशीन का?"

"नाही. ते राहील."

निळीची दोरी मारली. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, खिळा ठोकला. चौकटी पाडल्या. एका बाजूला जुनी चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला नवी, दोन्ही भिंतीएवढ्या मोठ्या. मजकूर नुसता उतरवून भागत नव्हतं, मला त्याचं अक्षर उतरवायचं होतं. त्याचा बसका 'भ', त्याची तिरपी मात्रा, शाई जिथे जाड झाली तिथे जाड, पेन उचललं तिथे तुटलेलं. नऊ सकाळी लागल्या. शाळेच्या आधी दोन तास. तुमच्यासारखीच रोज तीच रेघ, वरून खाली, एका दमात. चौथ्या दिवशी रेघ सरळ उतरू लागली. काना तुम्ही उगीच महिनाभर काढून घेतला नव्हता. शेवटी दोन सह्या. शेपटाशेजारी शेपूट. फक्त तुमच्याकडे श्रद्धा होती, चाचा, आणि माझ्याकडे सूड. पण मेहनत तीच लागते, हे मला माहीत नव्हतं.

माणसं जमली. कोणी वाचू लागलं, कोणाला वाचून दाखवलं. सहीपुढे येऊन सगळे थांबायचे. त्या सभेत हसणाऱ्यांतला एक म्हातारा जवळ गेला, एका सहीवर बोट फिरवलं, मग दुसऱ्या सहीवर, आणि मागे वळून न पाहता निघून गेला.

बाबा शेवटी आले. काठी टेकत भिंतीसमोर उभे राहिले. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचल्या. सातवी शिकलेला माणूस, वेळ लागला. मग म्हणाले, "सही तं एकच हाये."

"हो."

"ओळ नव्हतीच?"

"नव्हती. चिठ्ठी माझ्या हातात होती बाबा. याच भिंतीपाशी."

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "मंग तू तवा काहून नाही बोलली व?"

तुम्ही कधी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. मी कॉलेजचं, लोकांचं काही सांगितलं नाही. ब्रश अजून ओला होता. खाली जागा होती, अगदी शेवटची, बारीक ओळ बसेल एवढी. तिथे माझ्या अक्षरात लिहिलं: 'ओळ नव्हती हे मला माहीत होतं. सभेत मी हजर होते. मी बोलले नाही.' खाली माझी सही, पूर्ण नाव, बी.ए. सकट. ज्याला कोणाला हसायचं आहे त्यानं हसावं.

बाबांनी तीही ओळ वाचली. मग म्हणाले, "माहंबी टाक. मी पुसू नाही देल्लं." मी त्यांचंही नाव टाकलं.

भिंत पुरी झाल्यावर तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. सुरुवातीला गोड, मग वरच्या आवाजात, मग वकिलाचं नाव. शेवटी म्हणाला, "मॅडम, ते पुसून टाका. सांगतो तुमाले."

मी म्हटलं, "पुसते. लिहून द्या. खाली सही करा."

त्यानं फोन ठेवला. त्याचं नाव ज्याला वाचायचं असेल त्यानं मारेगावहून आमच्या गावाकडे यावं. रस्त्यावरूनच दिसतं, गाडीतून उतरायचीही गरज नाही. दुकानाच्या बोर्डसाठी त्यानं मागितलेलं बोंड मी काढलेलं नाही. न पाहिलेलं बोंड आपल्याकडे काढत नाहीत, आणि त्याच्या बियाण्याचं बोंड आमच्या मातीत अजून कोणी पाहिलेलं नाही.

पत्रा माझ्या घरी आहे, खिडकीत, पांढरा. त्यावर काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. भिंतीचं ठरलं आहे. दर उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, बियाणं घ्यायला माणसं याच रस्त्यानं जातात तेव्हा, मी पुन्हा एक हात मारीन. त्याच चौकटी, त्याच ओळी, तीच शेपटं. तुम्ही असतात तर मी परत जायच्या आत चुन्याची बादली घेऊन आला असतात, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच चाचा, सगळं ऑइल पेंटमध्ये केलं आहे.